पालकावरची कोंबडी

माणसाचे नशीब तळहातावर नव्हे, तर खालच्या पापणीच्या आत लिहिलेले असते, असे मानणारी व्यक्ती साऱ्या दौंडात एकच होती, आणि ती नेमकी आमच्या समोर राहत होती. नव्वदीचे दशक सरत असताना मी लग्न होऊन तिथे आले. नवरा कुरकुंभला कारखान्यात पाळीवर जाई; भाड्याच्या दोन खोल्यांत मी एकटी. पहिल्याच आठवड्यात, दिवेलागणीला, उंबऱ्यावर सावली पडली. पावलांचा आवाज असा झालाच नाही. समोरच्या आक्का आत आल्या, माठाच्या बुडासारखा गार अंगठा माझ्या डोळ्याखाली टेकवून त्यांनी पापणी ओढली आणि माझे नावही न विचारता, 'पांढरी,' एवढेच म्हणून निघून गेल्या.

गल्लीतल्या बायकांनी या अंगठ्याची धास्तीच घेतली होती. आक्का दिसल्या की त्या डोळ्यांत काही गेल्याचे निमित्त करून पदराआड होत. एकदा त्या पापणी पाहू लागल्यावर पोस्टमन पिशवी तिथेच टाकून पळाला होता म्हणे. आक्कांचे सारे आहारशास्त्र दोन पाल्यांत मावत असे, पालक आणि शेवगा. पालकावर त्यांचा विलक्षण राग. 'पालक म्हंजी पुण्याचा जावई,' त्या म्हणत, 'दिसाया गुळगुळीत. एका हातानं रगत देतो आन् दुसऱ्या हातानं काढून नेतो. शेवगा रांगडा, पर घर चालवतो.' बाजारात त्या पालकाच्या ढिगापुढे नुसत्या उभ्या राहिल्या, तरी भाजीवाली त्यावर ओले पोते ओढून घेई.

दारात शेवगा लावू नये, त्यावर हडळ येऊन बसते, हे गल्लीत कोणाला सांगावे लागत नसे. आक्कांच्या दारात मात्र शेवगा होता. संध्याकाळी पाटसकडून वारा सुटला की साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास त्या झाडात अडकून राही, वाळल्या शेंगा हाडांसारख्या एकमेकींवर वाजत, आणि खाली बसून आक्का दोन कोंबड्यांना चारत. एकीला शेवग्याचा पाला, दुसरीला पालक. कशाने रक्त वाढते, ते त्या तुऱ्याच्या रंगावरून पाहत. शेवगेवालीचा तुरा जास्वंदीसारखा, पालकवालीचा जुन्या विटेसारखा. पहिलीला नाव नव्हते. दुसरीला मांडीवर घेऊन, तिची मान कुरवाळत त्या म्हणत, 'सुमन, खा गं बाई.' ती हाक ऐकली की माझ्या अंगावर काटा येई. कोंबडीला कोणी इतक्या गहिवराने बोलावत नाही.

मला दिवस गेले आणि दवाखान्यात सांगितले, रक्त फार कमी आहे, जपा. त्या संध्याकाळपासून आक्का रोज झाकलेली वाटी आणू लागल्या. शेवग्याच्या पाल्याची, मूगडाळ घातलेली भाजी. घरमालकीणबाईंनी मला बजावले, 'त्या झाडाचं काय बी खाऊ नगंस. पोटुशी हायेस तू.' मग आवाज उतरवून त्यांनीच सांगितले. सुमन ही आक्कांची मुलगी. बाळंतपणाला माहेरी आली, ती अशीच फिकट. आक्कांच्या मनात तिला शेवगा द्यायचा होता; पण त्यांच्या सासूबाईंनी हडळीच्या भयाने दारातले झाड तोडायला लावले, आणि आक्का निमूटपणे पालक रांधत राहिल्या. सुमन बाळंतपणातच गेली. पुढे सासूबाईही गेल्या, तेव्हा आक्कांनी त्याच जागी शेवग्याची फांदी रोवली.

ती वाटी समोर ठेवून मी बराच वेळ बसले. बाहेर शेंगा वाजत होत्या. मग खाल्ली. कडसर, मातकट, जिभेवर लोखंड ठेवल्यासारखी चव. दुसऱ्या दिवशीही खाल्ली, आणि दिवस भरेपर्यंत खात राहिले.

मुलगी झाली. मी उठले, चालत घरी आले. त्या संध्याकाळी आक्का आल्या. माझी पापणी त्यांनी नेहमीसारखी ओढून पाहिली. बाळाच्या गालावर मात्र अंगठा नुसता टेकवला. मग त्या आपल्या अंगणात परतल्या. पालकाची जुडी त्यांनी रस्त्यावरच्या शेळीपुढे टाकली, शेवग्याची डहाळी मोडली आणि कोंबडीला मांडीवर घेतले.

'सुमे, घे,' त्या म्हणाल्या. 'आजपासनं तुला बी ह्योच.'

पुढे आम्ही सणसवाडीला राहायला गेलो, आणि मग आक्का पुन्हा दिसल्या नाहीत. अजूनही कुणाच्या कुंपणावरून शेवग्याची फांदी बाहेर झुकलेली दिसली की माझ्या डोळ्याखाली काहीतरी गार टेकते. मी हलत नाही. त्यांचे पाहून होईपर्यंत तशीच उभी राहते.