माती आमची, झिलई त्याची

मातीवर लिहायचा हक्क शेतकऱ्याचा की कुंभाराचा, हे मला ठाऊक नाही. मी धड दोन्हींपैकी एकही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तरी लिहायला बसलोय. धिटाई वाटली तर माफ करा.

बीडच्या कॉलेजात आमचा कुंभारकामाचा वर्ग होता. शेवटच्या वर्षी सर म्हणाले, पुण्याजवळच्या एका स्टुडिओत राहून शिकायला एकालाच घेणार आहेत. शेवटच्या भट्टीतली कामं बघून स्टुडिओवाले निवडतील. ती जागा मला हवी होती. माझ्या खोलीतल्या जोडीदारालाही हवी होती. तो माजलगावचा, वडील शिक्षक.

मी केजजवळच्या आमच्या रानातली काळी माती खताच्या गोणीत भरून एसटीनं आणली. "आपल्या काळीवानी माती न्हाई कुटं," दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते. जिच्यात असा कापूस येतो तिचं भांडंही तसंच येणार, असं मी धरून चाललो. माझे वाडगे वाळतानाच उन्हाळ्यातल्या रानासारखे भेगाळले.

"ही पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते," सर म्हणाले. "पिकाला चालतं, भांड्याला नाही."

मी तुकडे टाकायला निघालो, तर जोडीदार आडवा आला.

"कावून फेकायलास बे? मला दे."

"ने की. कापूस लावतोस का?"

"तुजं डोकं लावतो. उगवलं तर बघू."

त्यानं ते तुकडे कुटले, वस्त्रगाळ केले, त्यात पऱ्हाट्यांची, कापसाच्या वाळक्या झाडांची, राख मिसळली, ताकासारखं पातळ केलं आणि विकतच्या मातीच्या कच्च्या, न भाजलेल्या वाडग्यावर ओतलं. भट्टीतून वाडगा निघाला तो काकवीच्या रंगाचा, तसाच चमकणारा. काळ्या मातीत लोह आणि चुना असतो, भारी आचेला ती स्वतःच वितळून झिलई होते, हे सरांनी तेव्हा सांगितलं. वाडगा खिडकीपाशी नेऊन त्यांनी विचारलं, "कुठली माती?"

"ह्याच्या रानातली, सर."

तो खोटं बोलला असता तर मला निदान रागावता आलं असतं.

शेवटच्या भट्टीला मीही तेच केलं. माती माझी, राख माझी. फक्त मी ती झिलई एकदा भाजलेल्या वाडग्यावर चढवली. वाळताना तिचे पापुद्रे सुटले आणि भट्टीतून वाडगा अर्धा बोडका निघाला. त्याचं भांडं कच्चं होतं, म्हणून वाळताना भांडं आणि झिलई बरोबरच आक्रसली होती. मी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. म्हणूनच मी विचारलं नव्हतं.

त्याच भट्टीतून निघालेली, त्याच झिलईची त्याची सुरई टेबलावर ठेवली होती. पोरं हातात घेऊन बघत होती. मी हात लावला नाही. पण पाणी प्यायच्या निमित्तानं तिच्यासमोरून किती फेऱ्या मारल्या! माझ्या बापाची माती, आणि लोक नाव त्याचं घेत होते.

सुट्टीत गावी गेलो. फोन वाजला की दादा विचारायचे, "तुज्या सरांचा हाय का?" नसायचा. शेवटी केजच्या स्टँडवर जीपमध्ये बसलो असताना आला, तो जोडीदाराचा.

"मला घेतलं बे," तो हळूच म्हणाला.

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी म्हणालो, "काय? आवाज येत न्हाई."

त्यानं पुन्हा सांगितलं.