सकाळी खिडकीतून काय दिसतं

“सकाळी उठल्यावर खिडकीतून काय दिसतं?” मी विचारलं.

समोरच्या बाकावर बसलेले पाटकरकाका हसले. बाक पहिलीच्या मुलांचा होता, त्यामुळे त्यांचे गुडघे छातीशी आले होते. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले.

“आधी भाताचं खाचर. त्यात पाणी असलं की आभाळ खालीच उतरलेलं असतं. मग बांध. बांधावर आंबा, जरासा डावीकडे कललेला. आणि त्याच्यापलीकडे डोंगर, माथेरानचा. पण सकाळी तो आधी नसतोच. नुसतं धुकं असतं. मग कुणीतरी हळूच आणून ठेवावा तसा येतो.”

मी पेन हातात धरून तशीच बसले. तोच डोंगर शाळेच्या खिडकीतून मला रोज दिसतो. पण तो येतो कसा, ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं. पाढे म्हणताना मुलं बाहेर बघतात म्हणून मी त्यांना ओरडते, याचं त्या दिवशी जरा वाईटच वाटलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. त्याशिवाय बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर. ऑफिसर हा शब्द ऐकायलाच मोठा. एका मतदान केंद्राची यादी सांभाळायची, एवढंच काम. कोण नवीन राहायला आलं, कोण गेलं, कोण वारलं, कुणाला अठरा पूर्ण झाली, हे दारोदार फिरून बघायचं आणि मोबाईलमधल्या ॲपवर रिपोर्ट टाकायचा. पगार शाळेचा, चपला मात्र निवडणुकीच्या कामी झिजतात. शाळेच्या गावाचं नाव सांगत नाही. शेलूला उतरून रिक्षानं आत यावं लागतं, इतकं पुरे.

तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. लोकांना वाटतं, ग्रामपंचायतीची यादी वेगळी असते. तसं नसतं. विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेला गोठवतात आणि वॉर्डांप्रमाणे फोडतात. त्या तारखेच्या आत नाव आलं तर मत, नाही तर पुढच्या वेळी. म्हणून त्या तारखेआधी अर्जांचा पूर येतो. आमच्याकडे तो फ्लॅटांच्या नव्या कॉम्प्लेक्समधून आला.

अर्ज भरून घेतले होते गजाभाऊंनी. गजाभाऊ आमच्याच गावातले, एका पॅनेलचे कर्तेधर्ते. कॉम्प्लेक्स उभं आहे ती जमीन त्यांचीच होती. फ्लॅट घेतलेल्या मंडळींना त्यांनी रविवारी टेंपोतून थेट शाळेत आणून बसवलं.

“बाई, सगळे एकदमच आनले,” ते म्हणाले. “तुमी जिने चढायचं काय काम नाय.”

“जिने चढावेच लागतात, भाऊ.”

“चढा की. पन कागद बघून घ्या. ॲग्रीमेंट हाय, लाइट बिल हाय. आजून काय पायजे?”

कागद चोख होते. पण कायद्याला कागदापलीकडचं एक हवं असतं. अर्जदार त्या जागी ‘सर्वसाधारण रहिवासी’ हवा. साध्या भाषेत, तो तिथं खरंच राहत असला पाहिजे. घर मालकीचं आहे एवढ्यानं माणूस तिथला रहिवासी होत नाही, आणि चार दिवस परगावी गेला म्हणून त्याचं राहणं संपतही नाही. हे ओळखायचं कसं, ते कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही.

म्हणून मी माझा प्रश्न काढला होता. तो मला कसा सुचला तेही सांगते. मी मूळची लोधिवलीची. जुन्या हायवेवरच्या ट्रकांच्या घरघरीनं आम्हाला जाग यायची. लग्न होऊन कर्जतला आले. सासऱ्यांनी धावपळ करून माझं नाव तिथल्या यादीत घातलं. पण पहाटे अर्धवट झोपेत मला कितीतरी महिने ट्रकच ऐकू यायचे. डोळे उघडले की खिडकीबाहेर वेगळीच भिंत असायची आणि काही क्षण मी कुठे आहे तेच कळायचं नाही. माझं नाव कर्जतला माझ्याआधी पोचलं होतं. तेव्हापासून वाटतं की माणूस सकाळी जिथं जागा होतो तिथं तो राहतो.

त्या रविवारी प्रश्नानं चांगलं काम केलं. एकजण म्हणाला, “व्ह्यू मस्त आहे.” कसला व्ह्यू, ते सांगता येईना. दुसऱ्यानं बायकोला फोन लावला. तिसऱ्यानं ब्रोशरमधला स्विमिंग पूल सांगितला, जो अजून खणलेलाही नाही. सगळ्यांत खरं उत्तर पाटकरकाकांचं वाटलं. कॉम्प्लेक्सच्या एका अंगाला अजून शेतं आहेत, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. मनातल्या मनात मी त्यांना यादीत घालूनही टाकलं.

पण घरी जाऊन बघायचं ते बघायचंच. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कॉम्प्लेक्समध्ये गेले.

बंद फ्लॅटांच्या मजल्यावरून चालताना मला नेहमी काहीतरी होतं. दारांना कुलपं, कुलपांवर धूळ, आणि वर वाळून कडक झालेली वास्तुशांतीची तोरणं. लोकांनी एक दिवस येऊन पूजा केली, दूध उतू घालवलं, आणि गेले. आत कपाटाची, पलंगाची, देवघराची जागा ठरलेली असणार. नुसतं राहायचं तेवढं बाकी. मी पाय न वाजवता चालते, उगाच कुणाची झोपमोड व्हायला नको म्हणून.

ए विंग, तिसरा मजला. पाटकरकाकांच्या समोरच्या दारात वंदना राहते. बदलापूरला नोकरी करते, तिची मुलगी माझ्या वर्गात आहे.

“काका आलेत, आत आहेत,” ती म्हणाली. “अधूनमधून येतात. केर काढतात, खिडकी पुसतात, खुर्चीत बसतात आणि संध्याकाळच्या गाडीनं भांडुपला परत.”

“मुक्काम?”

“मुक्काम कधीच नाही. आत गादीसुद्धा नाहीये, मॅडम.”

दार उघडंच होतं. खोलीत एक प्लॅस्टिकची खुर्ची, कोपऱ्यात झाडू आणि खिडकी. खिडकी इतकी स्वच्छ पुसलेली की काच आहे हेच कळू नये. आणि काचेपलीकडे हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ बी विंगची भिंत. दोरीवर कुणाचा तरी निळा गाऊन वाळत होता.

खाचर नाही, बांध नाही, आंबा नाही. डोंगर तर नाहीच.

काका ओल्या फडक्यानं कट्टा पुसत होते. मला बघून थांबले. मी काचेपलीकडच्या गाऊनकडे बोट केलं.

“काका, काल तुम्ही मला काय सांगितलं?”

“खोटं नाही सांगितलं,” ते म्हणाले. “तुम्ही विचारलंत सकाळी काय दिसतं. भांडुपच्या खोलीत जाग येते, पण डोळे उघडायच्या आधी मला हेच दिसतं. रोज.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. बुकिंगच्या वेळी इथं फक्त ए विंगचा सांगाडा होता. ते आणि त्यांची बायको सुधाताई कच्च्या जिन्यानं वर आले. खिडकीला तेव्हा चौकटही नव्हती. सुधाताई तिथं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बाकी घर कसंही असू दे, ही खिडकी मला पाहिजे. रिटायर झाल्यावर इथं येऊ, इथलेच होऊ, मतसुद्धा इथंच देऊ. पुढे बी विंग उठली. त्याच्याआधीच सुधाताई गेल्या.

“भांडुपच्या यादीतून तिचं नाव काढलं,” काका म्हणाले. “बरोबरच आहे, काढायलाच पाहिजे. पण आता ती कुठल्याच यादीत नाही. मला वाटलं, माझं नाव तरी तिनं ठरवलेल्या जागी लागावं. बाकी मला त्या गजाभाऊंच्या पॅनेलशी काही देणंघेणं नाही.”

अर्ज मोबाईलमध्ये उघडाच होता. ‘होय’ दाबलं असतं तर कोण विचारणार होतं? कागद चोख होते. पण या गावातल्या टाकीचं, गटाराचं आणि दिव्याचं काय करायचं ते इथं झोपणाऱ्यांनी ठरवायचं असतं. डोळे मिटून दिसणारं गाव कितीही खरं असलं तरी त्याची ग्रामपंचायत नसते.

“काका, घर तुमचं आहे,” मी म्हटलं. “पण तुम्ही इथं राहत नाही.”

“मग मी राहतो कुठं?”

मी म्हटलं, “ते तुम्ही ठरवायचं. मला आज ठरवायला लावलंत तर मी ‘नाही’ लिहिणार.”

ते रागावले नाहीत. फडकं पिळून दांडीवर वाळत घातलं आणि कुलूप शोधायला लागले. ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

खाली गेटपाशी गजाभाऊ उभेच होते.

“काय झालं बाई? म्हातारा तरी पास ना?”

“नाही, भाऊ. ते इथं राहत नाहीत.”

“आवं, कालचं बोलनं ऐकलं ना सगल्यांनी? मी टेंपोपाशी व्हतो, पन लय बयाजवार सांगितलं म्हनं त्यानं.”

“त्यांना अजून तुमचं खाचर दिसतं. बांधावरचा आंबा दिसतो. म्हणून तर ‘नाही’ लिहितेय.”

गजाभाऊंनी बी विंगकडे पाहिलं.

“डावीकं कललेला?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“माझ्या आज्यानं लावलेला. वादलात कलला, पन पडला नाय. जेसीबी लावला तवा मी हितं थांबलो नाय, खोपोलीला निघून गेलो.” मग म्हणाले, “पहाटचा मला बी तोच दिसतो, बाई. मंग माझं पन नाव काढनार काय तुमी?”

“तुमचं नाही काढत.”

“का?”

“तुम्ही उठून रोज माझ्याशी भांडायला इथंच येता ना.”

ते हसले, पण मनापासून नाही. पाटकरकाकांच्या अर्जाबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

रिपोर्ट टाकल्यावर कर्जतहून नायब तहसीलदार साहेबांचा फोन आला. निवडणुकीचं काम तेच बघायचे.

“मॅडम, हे शेऱ्यात काय लिहिलंय? ‘अर्जदार या पत्त्यावर स्वप्नात राहतात’?”

“वस्तुस्थिती तीच आहे, सर.”

“तसा कॉलम नाही आपल्याकडे. राहतात की नाही?”

“नाही.”

“मग ‘नाही’ लिहा. आणि निबंध मुलांना घालत जा.”

मी शेरा बदलला. अर्ज नामंजूर झाला. ठरलेल्या तारखेला यादी गोठली आणि काका बाहेर राहिले. निवडणुकीत गजाभाऊंचं पॅनेल तसंही आरामात आलं. म्हणजे त्यांचा टेंपोही फुकट गेला आणि माझे जिनेही.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी टेबल टाकून बसले होते. लोकांना यादीतला अनुक्रमांक सांगायचं काम होतं. ऊन चढायला लागलं तसे पाटकरकाका येताना दिसले. पायात स्लीपर, अंगात गंजीफ्रॉक, हातात पाण्याचा रिकामा कॅन. दाढी वाढलेली होती.

“काका, तुमचं नाव नाहीये यादीत,” मी आधीच सांगून टाकलं.

“माहीत आहे. नुसता बघायला आलो.” ते माझ्या शेजारच्या बाकावर बसले. “आणि ते गजाभाऊ कुठे आहेत? टाकीत पाणी कधी चढवतात, कधी नाही, काही हिशोबच नाही. परवापासून नळाला टिपूस नाही. रस्त्यावरचा दिवा दिवसभर जळतो आणि अंधार पडला की विझतो. घंटागाडीवाला आमच्या गेटपाशी थांबतच नाही. मी वंदनाला म्हटलं, असं कसं चालेल?”

मी हातातली यादी खाली ठेवली.

“गादी आणली वाटतं, काका?”

“तुम्ही ‘नाही’ लिहिलंत त्याच आठवड्यात. भांडुपच्या खोलीत रात्रभर तुमचा तो प्रश्न. म्हटलं, मरू दे, जाऊन तर झोपू.”

“मग? सकाळी उठल्यावर काय दिसतं?”

“निळा गाऊन,” काका म्हणाले. “धुतला तरी तोच, दुसरा घेतच नाहीत त्या बाई. डोंगर गच्चीवरून दिसतो, पण गच्चीला कुलूप.”

“आणि डोळे उघडायच्या आधी?”

काकांनी जरा आठवून पाहिलं. “आधी तेच दिसायचं. हल्ली पाण्याची मोटर चालू झाली का, ते ऐकत पडलेला असतो.”

मी पिशवीतून पत्ता बदलायचा फॉर्म काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्या निवडणुकीला उपयोग नव्हता, पण पुढच्या यादीत त्यांचं नाव आलं. छापील यादी आली तेव्हा ते शाळेत बघायला आले. स्वतःच्या नावाखालच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. “हिचं इथं आलं असतं,” एवढंच म्हणाले. मग चष्मा पुसला आणि विचारलं, “ग्रामसभा कधी आहे? दिव्याचं अजून तसंच आहे.”

तेव्हापासून खिडकीचा प्रश्न मी सोडून दिला. आता दारात उभी राहून विचारते, इथं त्रास कसला आहे? जो राहत नाही तो म्हणतो, काही नाही, सगळं छान आहे. जो राहतो, त्याचं ऐकून घ्यायला खाली बसावं लागतं.