बैलांना दिलेलं आवतन

आणीबाणीच्या वेळची गोष्ट. आमचं गाव देवळीजवळचं. तहसीलातला साहेब आला आणि चावडीपुढे सांगून गेला, आजपासून तुम्ही सुटले. सासऱ्यानं कधीकाळी घेतलेल्या उचलीपायी आमचं घर एकाच मालकाकडे बांधलेलं. सालदार म्हणत, पण साल संपतच नव्हतं. सुटलो म्हणजे नेमकं काय, हे साहेबानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आमच्या ह्यांचे पाय रोज सकाळी मालकाच्या बैलांच्या कोठ्याकडेच वळायचे. मी दारातून परत आणायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र डोळा चुकवून गेलेच. बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळले आणि सवयीनं बोलून बसले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

झाली ना पंचाईत! आवतन देईल त्यानं जेऊ घालायचं. म्हणजे पोळ्याला मालकाच्या कोठ्यात जाणं आलंच. आणि त्या दिवशी मालकाघरचं पुरण, नवं धोतर घेतलं की गडी गुढीपाडव्यापर्यंत बांधला, हे साऱ्या गावाले ठाऊक.

"काऊन बोलले तुमी?" मी विचारलं.

"बैलं माह्याकडं पाहून राह्यले होते. उपाशी ठेवू का त्याईले?"

"मंग सुटलो कशाले आपण?"

"मले का माईत! तूच इचार त्या साहेबाले."

डाळ घरात होती, गूळ शेजारणीकडून आणला. चारच पोळ्या झाल्या. पोळा फुटून बैल कोठ्यात आले, तसे आम्ही ताट घेऊन गेलो. मालकीण नवं धोतर घेऊन उभीच.

"काय वं, आमच्या बैलाईले तू जेऊ घालतं? लय मोठी झाली!"

"आवतन आमचं हाय ना, बाई."

बोलून गेले आणि ताट बैलांपुढे धरलं. बैलांनी पोळ्या खाल्ल्या. मालक म्हणाले, "धोतर घे रे." ह्यांच्या अंगावरचं फाटकं. कितीतरी वेळ नव्या धोतराकडे पाहिलं, मग दोन्ही हात पाठीमागे धरले.

"नाई, मालक."

दोन दिवसांनी आम्ही रोजानं निंदायला गेलो. वावर त्याच मालकाचं! दुसरीकडे कामच नव्हतं. मग हे सुटणं कसलं, मला उमजेना. संध्याकाळी बायांसोबत परत निघालो, तर हे हळूच म्हणाले, "बैलाईले चारा टाकला का नाई, पाहून येऊ का?"

जा म्हणावं तर भीती, नको म्हणावं तर मुकी जनावरं. शेवटी म्हटलं, "जा, पण कोठ्यात पाय ठेवू नोका."

ते कुंपणावरूनच पाहून आले. मी बरोबर सांगितलं की चूक, मला आजही कळत नाही.