भंडाऱ्यावरची शपथ

माणदेशातल्या एका मेंढपाळ वस्तीवर राहणारा सिद्धू हा मितभाषी मनुष्य होता. मात्र एकदा मनात धरलेली गोष्ट तो सहसा सोडीत नसे. १९७२ च्या दुष्काळात त्याचा मेहुणा अर्जुना साठ मेंढरे घेऊन चाऱ्यासाठी म्हणून कोकणात उतरला, ती तिकडेच विकून बसला आणि परत आलाच नाही. मागे त्याची बायको, म्हणजे सिद्धूची धाकटी बहीण मनुबाई, भरल्या दिवसांत दुष्काळी कामावर खडी फोडीत राहिली. तिचे मूल खडीच्या ढिगाजवळच जन्मले आणि दुसऱ्या दिवशी गेले. ते पुरून उठताना सिद्धूने ठरवले की, अर्जुनाच्या नडग्या आपल्या हाताने फोडायच्या.

दोन वर्षांनी एका मेंढक्याने खबर आणली. अर्जुना चिपळूणच्या पलीकडे, खाडीच्या मुखावरच्या एका बंदरात माणसे पैलतीरी नेणारी तरीची होडी वल्हवीत होता. इकडे शेजारच्या वस्तीवरचा एक बिजवर मनुबाईला मागणी घालीत होता. परंतु नवऱ्याने पंचांसमोर काडी मोडल्याखेरीज, किंवा तो मेल्याखेरीज, बाईचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागत नाही, हा जमातीचा नियम.

"दादा, त्येला मारू नगंस," मनुबाई म्हणाली. "काडी मोडाय घिऊन ये."

सिद्धूने होकार दिला, आणि घोंगड्यात कुऱ्हाड गुंडाळली. कमरेच्या पिशवीत बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, होताच. कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट असा प्रवास करीत तो दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बंदरात उतरला.

गाव अगदी निवांत होते. कौलारू घरे, वाळत घातलेली जाळी, आणि समोर समुद्राला मिळणारी रुंद नदी. सवयीप्रमाणे सिद्धूने काठच्या वाळूत हाताने झिरा उकरला, ओंजळ भरली आणि तोंड वाकडे करून थुंकला. पाणी खारट होते. थोड्या वेळाने भरती लागली आणि नदी उलटी, डोंगराकडे वाहू लागली. उलटी वाहणारी, तहान न भागवणारी ही नदी अर्जुनाला बरी मानवली, असे त्याच्या मनात आले.

होडी धक्क्याला लागली. अर्जुना अंगाने भरला होता. होडीचा म्हातारा मालक शेजारीच होता. त्याच्या मुलीशी आठ दिवसांनी या गड्याचे लग्न ठरल्याचे सिद्धूला चहाच्या दुकानात कळले होते.

"राम राम, दाजी. मनुबाईनं बोलावलंय. पंचांफुडं काडी मोड, आन् हो मोकळा."

अर्जुनाने होणाऱ्या सासऱ्याकडे चोरून पाहिले. "कोण दाजी? मी हरिबा हाय. तुमास्नी मी वळखत न्हाई."

नाव बदलले होते, बोली माणदेशचीच होती. सिद्धूचा हात घोंगड्यात गेला. पण नडग्या चार महिन्यांत सांधतात, हे त्याला त्या क्षणी उमगले. कुऱ्हाड सोडून त्याने पिशवी उघडली.

"मग ह्यो बिरोबाचा भंडारा उचल. म्हण, मी अर्जुना न्हवं. मी आल्या वाटंनं जातो."

अर्जुनाने भंडारा उचलला आणि तसे म्हटले. होडीतून उतरलेल्या एका मास्तरांकडून सिद्धूने ही हकीकत कागदावर लिहून घेतली आणि खाली साक्षीला म्हाताऱ्याचा अंगठा घेतला. स्वस्तात सुटलो, अशा समाधानाने अर्जुना होडी धुऊ लागला.

वस्तीवर पंचांनी तो कागद दोनदा वाचून घेतला. बिरोबाच्या भंडाऱ्यावर ज्याने स्वतःचे नाव नाकारले, तो जमातीला मेला, असा निकाल झाला. गवताचा पुतळा करून सिद्धूने स्वतः त्याला अग्नी दिला. तेराव्याला वस्ती जेवली. माघात मनुबाईचा पाट लागला.

१९७८ च्या उन्हाळ्यात अर्जुना वाळलेल्या अंगाने वस्तीवर आला. तो कागद लिहिणाऱ्या मास्तरांकडून पहिल्या बायकोची आणि त्या शपथेची गोष्ट बंदरभर झाली होती, आणि म्हाताऱ्याने अखेर त्याला घराबाहेर काढले होते. आपण अर्जुनाच आहोत, वाडवडिलांच्या रानात आपला वाटा आहे, असे त्याने घरोघर सांगून पाहिले. कोणी बस म्हटले नाही. शेवटी तो सिद्धूच्या दारात आला आणि त्याने निदान तांब्याभर पाणी मागितले.

सिद्धू उंबऱ्यावर बसला होता. तो उठला नाही.

"मेलेल्याला आमी पितरांत पानी ठेवतो," तो म्हणाला. "भादव्यात ये."