चवरीवालीसमोर बसणाऱ्या काकू

“आता हलू नका हं,” असं म्हणून काकू वहीवर पेन्सिल टेकवायच्या.

समोर दगडाची मूर्ती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. शेकडो वर्षं जागची न हललेली बाई, तिला काय सांगायचं हे! मग लक्षात आलं, ते मूर्तीसाठी नव्हतंच. मूर्तीशेजारच्या बाकावर त्यांचे यजमान बसलेले असत. इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं, मांडीवर दोन्ही हात. ते मान डोलवायचे आणि खरंच हलायचे नाहीत.

मी उज्जैनमधल्या एका संग्रहालयात मूर्तींच्या दालनावर देखरेखीला आहे. आमच्याकडे येणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. महाकालचं दर्शन झालं, गाडीला अजून वेळ आहे, म्हणून आत येतात, पंख्याखाली उभे राहतात, एक फोटो काढतात आणि जातात. काकू मात्र आठवड्यातून तीन-चारदा यायच्या. दुपारी, गर्दी नसताना.

काका बँकेत होते. बदल्या होत होत उज्जैनला आले आणि इथेच घर केलं. निवृत्तीनंतर त्यांची आठवण हळूहळू पुसत गेली. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, मग काकू.

“घरी सारखे दार उघडून निघतात,” काकूंनी मला एकदा सांगितलं. “इथे गार असतं, आवाज नसतो. इथे बसतात.”

“आणि हे चित्रांचं कधीपासून?”

“कधीपासून काय! मोबाइल हातात घेतला की हे चिडतात. विणायला घेतलं तर लोकर ओढतात. कागद-पेन्सिल चालते.”

त्यापूर्वी त्यांनी रांगोळीपलीकडे काही काढलं नव्हतं. पहिलं चित्र त्यांनीच मला दाखवलं आणि त्यांनीच विचारलं, “सांगा भैया, ही बाई आहे की घागर?” मी म्हटलं, “काकू, घागर छान आलीये.” त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते बहुधा तेवढंच.

पुढे हात सुधारला. नाचणारा गणपती झाला, सूर्य झाला. मग त्या चवरीवालीसमोर थांबल्या. चवरी ढाळणारी ही बाई आमच्या दालनात कोपऱ्यात उभी आहे. एक हात कोपरापासून तुटलेला, दुसऱ्यात चवरी. काकू तिचा तो उरलेला हातच पुन्हा पुन्हा काढायच्या. कुणी कॉलेजचा मुलगा मागून वाकून बघायचा आणि सल्ला द्यायचा, “आंटी, थोड़ी शेडिंग कीजिए ना.”

“बेटा, मुझे इतना ही दिखता है,” त्या मान वर न करता म्हणायच्या.

“काका बरे आहेत ना?” असं मी विचारलं की त्या म्हणायच्या, “आहेत.” “आणि तुम्ही?” “मी पण आहे.” आवाजात तक्रार नाही, काही नाही. कुणाला तरी वेळ सांगावी तसं.

काका अधूनमधून त्यांच्याशी फार अदबीने बोलायचे. “आपण इथे नेहमी येता का?”

“येते.”

“आमच्या मिसेसलाही चित्रांचा नाद आहे. एकदा घेऊन येईन तिला.”

“आणा की,” काकू म्हणायच्या आणि पेन्सिलीला टोक करायच्या.

एका दुपारी शाळेची सहल आली. दालनात पोरांचा कालवा. ती पांगली तेव्हा बाक रिकामा होता. मी धावत फाटकापर्यंत गेलो. चौकीदार म्हणाला, “बाबूजी तो कब के निकल गए. मैंने समझा, माताजी पीछे आ रही हैं.”

काकू आल्या त्या चालतच आल्या. वही पिशवीत, पिशवी खांद्याला. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. आधी घर पाहिलं, मग राम घाट. पायऱ्यापायऱ्यांवर विचारत गेलो. पाण्याजवळ गेल्यावर माझाच जीव घाबरा झाला. काकू नदीकडे बघत म्हणाल्या, “इथे नसतील. त्यांना ओल्या पायांची चीड आहे.”

देवास गेटच्या बसस्टँडवर सापडले. आगरला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीपाशी ऐटीत बसले होते. आगरला त्यांची पहिली नेमणूक होती, हे मला नंतर कळलं. कंडक्टर वैतागला होता. “बोलते हैं ड्यूटी पर जाना है. उतरते ही नहीं.”

काकू बसमध्ये चढल्या. “चला, उतरा.”

काकांनी त्यांना नीट न्याहाळलं. “आपण कोण?”

“तुमच्या सोबतची.”

काका लगेच उठले. उतरताना त्यांनी काकूंना आधी वाट दिली.

मी रिक्षा ठरवून दिली. काका आत बसले. काकू बाहेर माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भैया, मी त्यांना उठताना पाहिलं होतं.”

मला आधी कळलंच नाही.

“दाराकडे जाताना पण पाहिलं. मी चवरीवालीची बोटं काढत होते. म्हटलं, एवढी बोटं होऊ देत.” मग पिशवी खांद्यावर नीट करत, “भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. घाटावर पण नाही. काहीच नाही वाटलं.”

मी म्हटलं, “काकू, दमलाय तुम्ही.”

“असेल,” त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

दोन दिवसांनी दोघं पुन्हा हजर. आता बाक त्यांनी मला सांगून आपल्याजवळ सरकवून घेतला होता. काकांच्या शर्टाची बाही डाव्या मुठीत धरून त्या उजव्या हाताने चित्र काढायच्या. वही मांडीवरून घसरायची. मग काकाच ती धरून ठेवायला लागले, अगदी मन लावून, बँकेचं महत्त्वाचं काम असल्यासारखं.

थंडीत काकांना ताप आला. छातीत कफ झाला आणि ते गेले. मी भेटायला गेलो. इंदूरहून मुलगी आली होती, डोळे सुजलेले. काकू सगळ्यांना चहा देत होत्या. एक नातेवाईक बाई आतल्या खोलीत पुटपुटली, “एक टिपूस नाही गं डोळ्यांत.” काकूंनी ते ऐकलं. कपबश्या गोळा करता करता मला म्हणाल्या, “मी पण वाट बघतेय, भैया. येत नाही.”

आता काकू मुलीकडे इंदूरला असतात. इथल्या घरात दुसरं कुणीतरी राहतं.

जाण्याआधी एकदा त्या एकट्या संग्रहालयात आल्या होत्या. वही आणली होती, पण उघडली नाही. पुन्हा भिंतीशी लावलेल्या बाकावर काकांच्या जागी बसल्या, भिंतीला डोकं टेकलं आणि त्यांना झोप लागली. अशी गाढ, की तोंड थोडं उघडं राहिलं. माणसं आली, गेली. बंद करायची वेळ झाली. चौकीदार किल्ल्या घेऊन आला, त्याला मी खुणेनेच थांबवलं. बाकीच्या दालनांचे दिवे घालवले, आमच्या दालनातले तेवढे ठेवले.

बऱ्याच वेळाने त्या दचकून उठल्या. बाहेर अंधारायला लागलेलं. पिशवी छातीशी धरून एकदम उभ्या राहिल्या.

“अगं बाई, ह्यांची गोळी राहिली की!”

आणि दाराकडे चार पावलं धावल्याच. तिथे थबकल्या. माझ्याकडे वळून बघितलं.

त्या हळूच खाली फरशीवर बसल्या आणि रडायला लागल्या.