नकाशात नसलेली धाकटी गंगा

आमचे हे गेले त्यानंतर दोन वर्षं मी नदीकडे फिरकले नाही. त्याआधी मात्र दर रविवारी हैदराबादेतल्या नल्लकुंट्याहून स्कूटरवर निघायचं, शहर मागे टाकायचं आणि मुसी नदीच्या वरच्या अंगाला एका वळणावर मोठ्या खडकावर जाऊन बसायचं, हे ठरलेलं. भाकरी, ठेचा, दोन कांदे. हे पाय पाण्यात सोडायचे आणि गप्प. मी करवादायची, "अहो, घरी गप्प, इथेही गप्प, मग पेट्रोल कशाला जाळलं?" तर नुसते हसायचे. नांदेडकडचा माणूस, गोदावरीला गंगाच म्हणणारा. या वळणाला त्यांनी 'धाकटी गंगा' नाव ठेवलं होतं. घरात तेच चालायचं.

मागच्या वर्षी पेपरात नदी वाचवायच्या नव्या कायद्याचा मसुदा आला. नदीचे जे भाग देखणे आहेत, जिथे लोक विसाव्याला येतात, ते राखायचे. तिथे काठाला बांधकाम करायचं नाही. खाली जागांची यादी. चष्मा पुसून तीनदा वाचली. आमचं वळण नव्हतं. तिथल्या शेतात प्लॉटचे दगड रोवलेत, हे शेजारणीकडून कानावर आलंच होतं. यादीत आलं नाही तर खडक फोडून कुणाचा तरी बंगला उभा राहणार. माझं डोकंच फिरलं. माणूस नेला तो नेला, आता त्याची बसायची जागाही न्यायची?

हरकती-सूचनांना मुदत होती. चांगला ठसठशीत अर्ज लिहिला: मुसी नदीवरील 'धाकटी गंगा' हे रम्य ठिकाण यादीत घ्यावे. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज दुरुस्त केलेली बाई मी, ऐटीत सुनावणीला गेले. तिथल्या साहेबांनी नकाशा उलगडला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "अम्मा, गंगा इधर किधर? ऐसी जगा नक्शे में नै है."

मागे दोघं-तिघं हसले. ठणकावून सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला दुसरं नाव माहीतच नाही! सगळं आयुष्य हैदराबादेत गेलं, भाजीवालीशी तेलुगूत भांडते, पण त्या जागेचं नाव कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला? आमच्याकडे होतं की. लाजेनं कानशिलं तापली. साहेब बरे होते बिचारे. म्हणाले, तिथलं नाव आणा, आणि तिथे नेहमी येणाऱ्या पाच जणांच्या सह्या आणा, सोमवारच्या आत.

दुसऱ्याच दिवशी रिक्षाने गेले. खडकाकडे बघायची हिंमत झाली नाही, परस्पर खाली, तिथे नेहमी कपडे धुणाऱ्या बाईकडे उतरले. तिने लांबूनच ओळखलं. "सार एरी?" तुमचे साहेब कुठे, म्हणून यांच्याबद्दल विचारलं. सांगायला गेले तर तेलुगू सोडा, मराठीही फुटेना. नुसता हात वर केला. तिने पिळा खाली टाकला आणि माझे दोन्ही हात धरले. साबणाचे, गार हात. दोन वर्षांत मला कुणी असं धरलं नव्हतं. मी हमसाहमशी रडले.

मग तिने नाव सांगितलं. बंडमडुगू, म्हणजे खडकाचा डोह. सहीला मात्र बिचकली. "मी कामाला येते अम्मा, विसाव्याला नाही."

"धुणं झालं की लगेच उठतेस?"

"नाही, बसते थोडी. पाणी बघत."

"अगं मग तेच! टेक अंगठा."

तिच्या ओळखीने तीन म्हशीवाल्यांच्या सह्या मिळाल्या. पाचवी माझी.

अखेरच्या यादीत बंडमडुगू आलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून, "अहो, ऐकलंत का," म्हणाले, अगदी मोठ्याने. मग पेपर घडी करून ठेवला. मुलाला फोन लावला; तो मीटिंगमध्ये होता.

महिन्याभराने एका रविवारी गेले. प्लॉटचे दगड उखडले होते, सरकारी पाटी लागली होती. पाटी वाचून लोकही लोटले होते. वर मोटारींची रांग, आणि खडकावर पाय ठेवायला जागा नाही. मला राग आला, असा आला! मेले, कुठून आले सगळे? पण मीच तर लिहून दिलं होतं की इथे लोक येतात.

कडेचं एक तरुण जोडपं सरकलं. "आओ आंटी, बैठो." टेकले. पोरीने हसून विचारलं, "पैली बार आए क्या?"

"हौ," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. आमच्या यांच्याशिवाय मी तिथे कधी बसलेच नव्हते.