कुमूचं फाटक

माझा आवाज मोठा आहे. म्हणजे किती, तर इथे आखातात, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये मी आमच्या फोरमनला हाक मारली की शेजारच्या तीन कंपन्यांचे फोरमन 'येस सर' करत धावत येतात. आमच्या हिचा आवाज मात्र असा, की फ्रीज बंद केल्याशिवाय ऐकू येत नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून तिचं बोलणं मीच बोलत आलो. व्हिसाचे अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर, बँक, शाळेची मीटिंग, सगळीकडे मी. दातांच्या डॉक्टरला तिच्या दाढेची कळसुद्धा मीच सांगितली, आणि ती इतकी रंगवून सांगितली की त्याने माझीच दाढ काढायला घेतली होती.

अशी ही बाई एक दिवस ऑफिसातून आली आणि म्हणाली, मी हुला नाच शिकणार आहे. खलिफा सिटीत हवाई बेटांवरची एक बाई राहते, नवरा इथे इंजिनिअर, ती घरीच शिकवते. मी लगेच रोल्लाच्या बाजारात जाऊन हिरव्या प्लॅस्टिकच्या झिरमिळ्यांचा घागरा घेऊन आलो. कमरेला गुंडाळून हॉलमध्ये दोन गिरक्या मारूनही दाखवल्या. आमचे चिरंजीव मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "बाबा, प्लीज डोन्ट हेल्प."

तो घागरा शिक्षिकेने पाहिला आणि पोटभर हसली. तिला सगळ्या जणी कुमू म्हणतात, त्यांच्याकडे गुरूला तोच शब्द. ती म्हणाली, हे पर्यटकांसाठी ठीक आहे. आमच्या आज्या-पणज्या झाडाच्या सालीचं कापड नेसायच्या. त्या संध्याकाळी तिने मला अंगणात बसवून बरंच काही सांगितलं, आणि मी चक्क ऐकलं. त्या बेटांवर पूर्वी लिपी नव्हती. राजांच्या वंशावळी, ज्वालामुखीची देवी, कोणत्या दरीत कोणता वारा वाहतो, सगळं तोंडी म्हणायचं आणि हातांनी सांगायचं. पुढे मिशनरी आले, त्यांना ते असभ्य वाटलं आणि चारचौघांत नाचायला बंदी झाली. मग लोक आडगावांत, परसदारी नाचत राहिले. पुढच्या एका राजाने तोच नाच मानाने राजवाड्याच्या अंगणात आणला. हे सांगताना कुमूचा एक हात नुसता डावीकडून उजवीकडे गेला, आणि शपथेवर सांगतो, माझ्या टकलावरून वारा गेला. वाळवंटात, जुलै महिन्यात, आणि पंखासुद्धा नव्हता.

पण खरी गंमत फाटकाशी. पहिल्या दिवशी हिने बेल वाजवली, तर कोणी उघडेना. मग आतून निरोप आला: बेल नाही, विचारा. त्यांच्यात शिकायला आलेल्यांनी दाराबाहेर उभं राहून सुरात परवानगी मागायची असते. आम्ही बाहेर उभे आहोत, शिकायला आलो आहोत, आत घ्या, अशा अर्थाचं. आतून गुरूही सुरातच उत्तर देते आणि मग दार उघडतं. मागणाऱ्याचं मन त्यात नसेल तर उत्तर येत नाही, पुन्हा मागायचं. या देशात शिरायला मी पासपोर्ट दिला, बोटांचे ठसे दिले, छातीचा एक्स-रे दिला. पण अशी सुंदर परवानगी मागायला मला कोणी सांगितलं नव्हतं. आठवड्यातून एकदा पाच-सहा बायका त्या उन्हात उभ्या राहून मागायच्या, आणि ही त्यांच्यात मागे उभी राहून ओठ हलवायची. गाडीच्या बॉनेटवर तेवढ्या वेळात मी दोन पापड भाजून घ्यायचो.

मग कुमूच्या नवऱ्याचं काम संपलं. परत जाण्याआधी ती एक संध्याकाळ करणार होती, जुन्या पद्धतीचा हुला, वाद्य म्हणून फक्त पोकळ भोपळा. ज्यांना त्यात नाचायचं असेल त्यांनी एकेकटीने फाटकाशी यायचं आणि मागायचं. हिला नाचायचं होतं. मी तिला असं काही हवंसं वाटताना आजवर पाहिलं नव्हतं. सोन्याच्या दुकानातसुद्धा ती 'राहू दे' म्हणते. आता मात्र बाथरूममधला नळ सोडून तासन् तास घोकत होती.

मी म्हटलं, अगं, काळजी कशाला करतेस. आपल्याकडे गणपतीची आरती ब्लूटूथवर लागते, देव कधी उठून गेलाय का? सगळ्या बायका एकत्र मागतानाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतंच. शनिवारी दुपारी ही फाटकाशी उभी राहिली आणि तिने तोंड उघडायच्या आत मी गाडीच्या काचा खाली करून ते फुल्ल लावलं. वर माझा आवाजही मिसळला, जोर यावा म्हणून. शेजारच्या व्हिलातली मांजरं पार दूरच्या अल ऐन शहरापर्यंत पळाली असतील. फाटकातलं लहान दार उघडून कुमू बाहेर आली, सरळ माझ्याकडे. चिडली नव्हती. तिने विचारलं, "नाचायचंय कोणाला? तुम्हाला, की तिला?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी खाली उतरून काहीतरी सांगायला निघालो, तर ही म्हणाली, "अहो, गाडी कोपऱ्यावर न्या. आणि काचा वर करा."

ते तिने फ्रीज बंद न करता म्हटलं होतं.

मी गाडी कोपऱ्यावर नेली. समोरच्या काचेतून ती दिसत होती, अनवाणी, झालरीचा लाल स्कर्ट नेसलेली. तिचे ओठ हलले. फाटक हललं नाही. तिने पदर नसतानाही खांद्यावर पदर सारखा केला आणि पुन्हा मागितलं. फाटक तसंच. माझे हात स्टिअरिंगवर असे चालले होते की गाडी बंद असून टायर झिजले. मग राहवेना, म्हणून मी काच बोटभर खाली केली.

तिचा आवाज बारीकच होता. पण तो कुठे डगमगत नव्हता. डोंगर चढणाऱ्या माणसासारखा एकेक पाऊल टाकत वर जात होता, आणि वर पोचल्यावर थांबून राहिला. मी घरी इतकी वर्षं जे ऐकलं ते तिचं बोलणंच नव्हतं बहुधा, कारण मध्ये मी होतो.

मग आतून कुमूचं उत्तर आलं, लांबलचक, खालच्या सुरात, आणि फाटक उघडलं. ही आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

कोपऱ्यावर एक बिर्याणीवाला रायडर पत्ता शोधत थांबला होता. आतून भोपळ्यावर थाप पडायला लागली तसं त्याने विचारलं, "भाई, अंदर क्या चल रहा है?"

एरवी मी त्याला ज्वालामुखीपासून सुरुवात करून त्याची बिर्याणी थंड केली असती.

"मेरी बीवी नाच रही है," मी म्हटलं, आणि तेही हळूच.